घरी सगळं हातात मिळायचं आणि आता टोरांटोत बेसमेंट? आधी हे वाचा

घरी धुणंभांड्याला मावशी, कॉलेजला जायला स्कूटर, पैसे संपायच्या आत बाबा अकाउंटला टाकणार, अशा घरातनं टोरांटो-ब्रॅम्प्टनला शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितेय. पैशाची ओढाताण तर होतेच, पण त्याहून जास्त नुकसान लाजेनं होतं हे मी इथे परत परत बघतेय. लाजेपोटी पोरं घरी खरं सांगत नाहीत, कामाचे हक्काचे पैसे मागत नाहीत आणि रूममेटला साधा कुकर कसा लावायचा तेही विचारत नाहीत.

आधी पैसा. स्टडी परमिटसाठी फी सोडून एका माणसाच्या खर्चाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२५ पासून), आणि आकडा बघून घरचे निर्धास्त होतात. पण जीआयसी (म्हणजे येण्याआधी कॅनडाच्या बँकेत भरून ठेवायची ठेव) केली असेल तर ते एकदम हातात येत नाहीत, सुरुवातीला थोडे आणि बाकीचे वर्षभर हप्त्याहप्त्यानं, म्हणजे महिन्याला सतराशे-अठराशेच्या आसपास धरा, त्यात भाडं, खाणं, बस, फोन सगळं. प्रत्येक गोष्टीचे रुपये करत बसू नका, वेड लागेल. त्याऐवजी तास मोजा. ऑन्टॅरिओत (टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे) किमान पगार तासाला १७.६० डॉलर आहे (ऑक्टोबर २०२५ पासून), मग सत्तर डॉलरचे शूज म्हणजे चार तास उभं राहणं, हे एकदा डोक्यात बसलं की खर्च आपोआप ताळ्यावर येतो.

रूम स्वतः किंवा ओळखीच्या कोणीतरी बघितल्याशिवाय एक डॉलरसुद्धा पाठवू नका, फोटो कितीही छान असू देत. इथल्या भाडे कायद्यानुसार पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं डिपॉझिट एवढंच मागता येतं, 'डॅमेज डिपॉझिट' मागता येत नाही. पण घरमालकाबरोबर किचन किंवा बाथरूम शेअर असेल तर हा कायदा लागू होत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं, तेव्हा आधी विचारा आणि सगळं मेसेजवर लेखी घ्या.

आता काम, ह्यावर जरा जास्त लिहिते कारण पोरं इथेच फसतात. आल्या आल्या सर्व्हिस कॅनडा ह्या सरकारी ऑफिसातनं सिन नंबर (काम करायला लागणारा सरकारी नंबर) काढा, फुकट असतो. टर्म चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं, त्याच्यावर 'कॅशमध्ये करून टाक' म्हणणारे खूप भेटतील. नाही म्हणा, परमिट तुमचं जाईल, त्यांचं काही जात नाही. ट्रेनिंगचे तासही पगारीच असतात, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी द्यावीच लागते. आणि 'तू स्टुडंट आहेस ना, मग रेट कमी' असं कोणी म्हणालं तर तो कमी रेट फक्त अठराच्या आतल्या मुलांना असतो. रोजचे तास डायरीत लिहून ठेवा. भांडी घासायची, मॉप मारायचा, हे पहिल्या दिवशी फार लागतं मनाला, घरी ताटसुद्धा उचललेलं नसतं. लागू दे, रडू आलं तर रडा, पण शिफ्टच्या आधी न घसरणारे चांगले बूट घ्या, पाय आधी बोलतात.

खाण्याचं म्हणाल तर येण्यापूर्वी महिनाभर घरी स्वतः वरण-भात, पोळी, दोन भाज्या करा, आईनं बाजूला उभं राहून फक्त सांगायचं, हात लावायचा नाही. इथे दुकानांचे नवीन फ्लायर (आठवड्याच्या ऑफरची पत्रकं) गुरुवारी लागतात, दुसऱ्या दुकानाचा कमी भाव फ्लिप अ‍ॅपवर बघून नो फ्रिल्स ह्या किराणा दुकानात काउंटरला दाखवलात तर बऱ्याचदा त्याच भावात देतात. पंजाबातल्या गावाकडनं आलेले रूममेट मिळाले तर नशीब समजा, ही मुलं काटकसरीत आपल्यापेक्षा कितीतरी तयार असतात, त्यांच्याकडून शिका.

जॅकेट व्हॅल्यू व्हिलेज ह्या जुन्या कपड्यांच्या दुकानातनं घेतलंत तरी चालेल, स्नो बूट मात्र नवे. डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो आणि मन उगाच खाली जातं, त्याचा हिशोब आधीच ठेवा, दुपारी अर्धा तास तरी बाहेर पडा. घरी फोनची वेळ ठरवा, हिवाळ्यात इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, आईचा चहा चालू असतो. आणि खरं सांगा, किती उरलेत, कुठे काम करतोय, सगळं. लपवलं की बाबांना वाटतं मजेत आहे आणि मग मदत मागायची दारं आपणच बंद करतो. फारच सहन होईना झालं तर ९८८ ह्या मदतीच्या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज करा, चोवीस तास कोणीतरी असतं.

आणि एक, कमाई अगदी थोडी असली तरी ३० एप्रिलच्या आत टॅक्स रिटर्न भरा, कापलेला टॅक्स परत येऊ शकतो, पुष्कळ कॉलेजांत फुकट भरूनही देतात, मार्च लागला की स्टुडंट ऑफिसात विचारा.