पार्टीचं वर्णन वाचताना निवेदकाचं मत कसं पकडावं

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावर रुळांवरून चालणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. ब्रँडी नि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरायची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत ती पाहिली नाही असं माणूस विरळाच. सराव तिच्यावरच करू.

आधी एकच प्रसंग दोनदा लिहा. ‘पाहुण्यांनी सुरई उचलली की गाडी थांबायची.’ आता दुसरं: ‘गाडी जवळ आली की हात पुढे सरसावायचे.’ दुसऱ्या वाक्यात एकही विशेषण नाही, तरी पाहुणे गेले आणि नुसते हात उरले. निवेदकाला त्यांची हाव दिसली, ती आपल्यालाही दिसते.

मग उताऱ्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि तिथे सर्वांत साधं क्रियापद घालून पाहा. ‘हादडलं’च्या जागी ‘खाल्लं’, ‘अवतरले’च्या जागी ‘आले’. बदलताना जे गळून पडतं, ते निवेदकाचं मत.

मराठीत आणखी एक जागा आहे आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते: आदरार्थी बहुवचन. ‘सरदारांनी पेला मागितला’ असं चाललेलं असताना मध्येच ‘सरदारानं चौथा पेला मागितला’ आलं, तर थांबा. ‘रा’वरचा अनुस्वार गेला, तिथे निवेदकाचा आदरही गेला. वाचताना हे हमखास निसटतं, म्हणून उतारा मोठ्यानं वाचा.

उपमा मात्र ज्या भाषेतली, तिथेच तोला. फिट्झजेराल्डच्या १९२५ सालच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीत निवेदक निक सुरुवातीलाच सांगतो की माणसांबद्दल मत बनवणं तो टाळतो. तिसऱ्या प्रकरणात त्याला गॅट्सबीच्या पार्ट्यांतले पाहुणे पतंगांसारखे येताना-जाताना दिसतात. आपल्याकडे पतंग म्हणजे ज्योतीवर जीव टाकणारा, त्यामुळे मराठी वाचकाला तिथे उगाच प्रेम ऐकू येईल. इंग्रजीत ‘मॉथ’ या शब्दाला तेवढी माया नाही. उजेड दिसला की जमणारे, बिननावाचे, असंच ते चित्र आहे.

शेवटी निवेदक कुठे उभा आहे ते शोधा. गॅट्सबीकडे बहुतेक लोक न बोलावता येतात. निकला मात्र रीतसर आमंत्रण असतं आणि ते तो आवर्जून सांगतो. पुस्तकात त्या ओळीशी पेन्सिलनं खूण करा, मग पतंगांचं वाक्य पुन्हा वाचा.