हापूसच्या खोक्यात शिवणाचं सामान

हापूसचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके दोरे, लेस, बटणं ठेवायला झकास. त्यांना बाहेरून कापड चिकटवा; हवेसाठीची भोकं त्याखाली झाकली जातात. जुनी सुती साडी सगळ्यात बरी; नवं कापड असेल तर आधी धुऊन इस्त्री करा. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ मात्र आपल्या कोकणात नकोच. पावसाळ्यात बुरशी धरते, आणि झुरळांना मेजवानी ती वेगळीच! फेविकॉल ब्रशने पातळ पसरा, तेही पुठ्ठ्यावर; कापडावर लावलं तर डाग वर उमटतात. काठाला दोनेक सेंटिमीटर जास्त कापड ठेवून आत दुमडा, कोपरे तिरके कापा. काम मे महिन्याच्या उन्हातच उरका. सुया खाऱ्या हवेत गंजतात, त्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून मगच खोक्यात.