डार्टमूरचा माळ पायी फिरायचा तर

इंग्लंडमधल्या डेव्हन काउंटीतलं डार्टमूर १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झालं. ९५४ चौरस किलोमीटरचा हा ग्रॅनाइटचा उंच माळ. त्याचं सर्वांत उंच टोक हाय विलहेज, ६२१ मीटर. सह्याद्रीत फिरलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटतो आणि गफलत तिथेच होते. इथे चढ दमवत नाही, जमीन दमवते. धरून चालायला धार नाही, खडकावर रंगवलेले बाण नाहीत आणि ढग उतरले की सगळ्या दिशा सारख्याच.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर ओएल२८, प्रमाण १:२५,०००. फोनवर असला तरी कागदी प्रत आणि होकायंत्र हवंच. माळावर बऱ्याच ठिकाणी सिग्नल नसतो आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. नकाशावरची हिरवी तुटक रेषा चालण्याचा हक्क सांगते, तिथे पायवाट उमटलेली असेलच असं नाही. जमिनीवर दिसणारी वाट काळ्या तुटक रेषेने दाखवतात. नवखे लोक हिरव्या रेषेच्या भरवशावर निघतात आणि गवतात वाट शोधत बसतात. १९८५ च्या कायद्याने इथल्या सामायिक कुरणांवर कुणालाही पायी हिंडता येतं, त्यामुळे रेषेला चिकटून राहायची गरजही नाही.

उत्तर भागात ओकहॅम्प्टन, विल्सवर्दी आणि मेरिव्हेल या तीन लष्करी गोळीबार क्षेत्रांची हद्द लाल-पांढऱ्या खांबांनी आखलेली आहे. दिवसा लाल निशाण किंवा रात्री लाल दिवा दिसला तर आत जायचं नाही. गोळीबाराच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या पाहूनच बेत ठरवा. निशाण नसतानाही तिथे पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नका.

आता जमीन. पाय कुठे टाकायचा हे वनस्पतींवरून कळतं. काटेरी, पिवळ्या फुलांचं गॉर्स आणि जांभळ्या फुलांचं हेदर ही झुडपं असतील तिथली जमीन बहुधा टणक. ब्रॅकन नावाचा नेचा निचऱ्याच्या, खोल मातीत वाढतो. त्यात पाय कोरडे राहतात, पण भर उन्हाळ्यात तो कमरेपर्यंत येतो आणि गोचिड्यांचं घर होतो. हिवाळ्यात वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे मोठमोठे पट्टे दिसतात ते मोलिनिया गवताचे. त्याचे गड्डे गुडघ्याएवढे, मधल्या फटींत पाणी, आणि घोटे मुरगळतात ते इथेच. चांगल्या वाटेवर ताशी ४ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त असा हिशेब धरतात. या गड्ड्यांत वेग अर्ध्यावर येतो, म्हणून नकाशावर जवळची दिसणारी सरळ रेघ बहुतेक वेळा लांबची ठरते.

मे-जूनमध्ये वाऱ्यावर कापसासारखे पांढरे बोंडके डोलताना दिसले की खाली ओलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती आहे. सगळ्यांत फसवी जागा म्हणजे सपाट, चकचकीत पोपटी हिरवळ. ते स्फॅग्नम शेवाळ, खाली पाणी किंवा पातळ चिखल. प्रिन्सटाउनच्या दक्षिणेला फॉक्स टॉर मायर्स ही अशीच पसरलेली दलदल आहे. तिला चढाच्या बाजूने वळसा घाला. पाय रुतलाच तर उपसायला झटके देऊ नका. एक पाय ओढताना सगळं वजन दुसऱ्यावर जातं आणि तो आणखी खोल जातो. पाठपिशवी उतरवा, आल्या दिशेला अंग टेकवून वजन पसरा आणि पाय हळूहळू मोकळा करा.

पहिल्या फेरीसाठी मेरिव्हेलसारखी जागा नाही. टू ब्रिजेस ते टॅव्हिस्टॉक या बी ३३५७ रस्त्यावर फोर विंड्स नावाचा गाडीतळ आहे. तिथून पश्चिमेला काही मिनिटांवर कांस्ययुगातल्या दगडांच्या जोडरांगा लागतात आणि त्यांच्यामधून एक पाट वाहतो. पाट कशाला, तर डार्टमूरवर पिण्यासाठी, शेतीसाठी आणि कथिलाच्या खाणींसाठी असे कितीतरी पाट खोदले गेले. रांगांतले बहुतेक दगड गुडघ्याखालचे आहेत, त्यामुळे मोठ्या शिळा शोधणारे लोक पुढे निघून जातात. दक्षिणेची रांग लांब आहे. तिच्या मधोमध एक दफनस्थळ आहे आणि थोडं पुढे माणसाहून उंच एकटा दगड उभा आहे. इथल्या प्राचीन गोल घरांच्या पायांची वर्तुळं पाहायची तर मार्च-एप्रिल गाठा. तेव्हा नेचा वाढलेला नसतो आणि तिरप्या उन्हात बुटक्या भिंतींच्या सावल्या पडतात. ऑगस्टमध्ये हेदर फुललेलं मिळेल, पण भिंती नेच्याखाली जातील. दोन्ही एका फेरीत होत नाही. दगड हलवू नका, त्यांचे ढीग रचू नका.

रांगांकडून परत येऊन दक्षिणेला फॉगिनटॉरच्या पाणी भरलेल्या खाणीकडे चला. पुढे १८८३ ते १९५६ या काळात धावलेल्या प्रिन्सटाउन रेल्वेचा रुळ काढलेला सपाट मार्ग किंग्ज टॉर या खडकाळ टेकडीला वळसा घालतो. स्वेलटॉर खाणीच्या फाट्यावर कोरीव ग्रॅनाइटचे वजनदार ब्रॅकेट ओळीने पडलेले दिसतील. १९०३ मध्ये लंडन ब्रिज रुंद करताना घडवलेल्या दगडांपैकी हे मागे राहिलेले. सगळी फेरी साधारण ८ किलोमीटर. रेंगाळत गेलात तर चार तास ठेवा. गोळीबाराचं क्षेत्र रस्त्याच्या उत्तरेला आहे, त्यामुळे या फेरीत त्याची अडचण नाही.

वाटेत भेटणारे पोनी रानटी दिसले तरी प्रत्येकाला मालक आहे. त्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे, कारण मग ते रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीनेच बांधून न्यायचा, कारण चंडोल आणि मेडो पिपिट ही पाखरं जमिनीवरच घरटी करतात. वसंतात दगडावर ऊन खात बसलेला, पाठीवर नागमोडी पट्टा असलेला साप ॲडर असतो आणि तो विषारी आहे. दुरूनच पाहा, तो स्वतःहून निघून जातो. चावलाच तर अवयव न हलवता दवाखाना गाठायचा, कापणं-चोखणं नाही. परत आल्यावर गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत गोचिड्या तपासा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल लावू नका. नंतर पसरत जाणारा लाल डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा, लाइम आजार असू शकतो.

धुकं उतरलं तर उघड्या माळावर अंदाजाने चालू नका. जवळची दगडी भिंत, पाट किंवा जुना रेल्वेमार्ग पकडून रस्त्यापर्यंत या. ओढ्याच्या काठाने उतरायची युक्ती सह्याद्रीतही धोक्याची आणि इथेही, कारण इथला ओढा बरेचदा दलदलीत नेतो. पीट आधीच भिजलेलं असलं की पावसाचं पाणी थेट ओढ्यात येतं. सकाळी दगडांवरून ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही, तेव्हा परतीसाठी पूल असलेली दुसरी वाट नकाशावर आधीच पाहून ठेवा. मदत लागली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. ९९९ ला मेसेज पाठवायची सोय घरूनच नोंदवून ठेवा, कारण बोलण्याइतका सिग्नल नसला तरी मेसेज जाऊ शकतो. तोही गेला नाही तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.