विगिलियाची तयारी: नोव्हेंबरपासून पहिल्या चांदणीपर्यंत

पोलंडमध्ये नाताळचं मोठं जेवण २५ तारखेला नसतं. ते २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतं आणि त्याला विगिलिया म्हणतात. बारा पदार्थ करायचे, एकातही मांस नाही (मासा मात्र चालतो), आणि आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत पानावर बसायचं नाही. माझं माहेर कोल्हापूर, सासर व्रोत्सवाफ. या स्वयंपाकात आता माझा हात बसलाय. यंदा ज्या मराठी सुना आणि जावई पहिल्यांदाच असं ताट मांडणार आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं तारखेच्या क्रमाने सांगते. चकलीची भाजणी जशी ऐनवेळी होत नाही, तसंच इथलंही आहे. मुरायला, आंबायला, भिजायला वेळ लागतो.

सुरुवात नोव्हेंबरच्या मध्यावर, प्येर्निक या मध-मसाल्याच्या केकच्या पिठाने. अर्धा किलो मध, दोन कप साखर आणि पाव किलो लोणी मंद आचेवर विरघळवा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग त्यात किलोभर मैदा, तीन अंडी, अर्ध्या कप दुधात कालवलेला सोडा आणि दालचिनी, लवंग, सुंठ, वेलची, जायफळ यांची पूड घालून मळा. पीठ सैल वाटतं, तरी आणखी मैदा घालू नका, गारठ्यात ते आपोआप घट्ट होतं. स्वच्छ फडक्याने झाकून चार-पाच आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. नाताळच्या आठवडाभर आधी तीन थरांत भाजा, थरांमध्ये आलुबुखाराचा आटवलेला मुरंबा लावा आणि वर वजन ठेवा. भाजल्या दिवशी तो कडक लागतो. चार दिवसांनी सुरीखाली मऊ कापला जातो.

डिसेंबर लागला की ओप्वातेक आणून ठेवा. मैदा आणि पाण्याची ही कागदासारखी पातळ पांढरी पापडी, तिच्यावर बाळ येशूच्या जन्माची चित्रं उठवलेली असतात. चर्चमध्ये मिळते, दुकानातही मिळते. दोन जास्त घ्या. पातळ असल्याने पाकिटात घालून परगावच्या नातेवाइकांना पाठवायची पद्धत आहे. मी एक कोल्हापूरला आईकडे पाठवते.

दहा तारखेच्या सुमारास बीट आंबवायला घाला. माझ्या मते सगळ्या बेतात हे काम सर्वात महत्त्वाचं, कारण बार्श्च हे लाल सूप याच आंबट पाण्यावर उभं राहतं. लिंबू किंवा व्हिनेगर पिळून ती चव येत नाही. किलोभर बीट सोलून जाड चकत्या करा आणि काचेच्या बरणीत भरा. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, दोन तमालपत्रं आणि ऑलस्पाइसचे चार दाणे घाला. उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ विरघळवून वरून ओता. बीट पाण्याखाली बुडालेलंच राहिलं पाहिजे. माझ्या पहिल्या वर्षी वरच्या चकत्या तरंगत राहिल्या, त्यांना बुरशी धरली आणि अख्खी बरणी ओतून द्यावी लागली. तेव्हापासून मी वर एक छोटी बशी दाबून ठेवते. तोंडाला फडकं बांधा, रोज एकदा स्वच्छ चमच्याने ढवळा. पाच ते सात दिवसांत पाणी गर्द माणकासारखं होतं, वास आंबूस आणि मातकट येतो. गाळून फ्रिजमध्ये ठेवलं की नाताळपर्यंत छान राहतं.

त्याच्या पुढच्या शनिवार-रविवारी उश्का. उश्का म्हणजे छोटे कान. वाळवलेली बोरोविक अळंबी रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात शिजवा, बारीक चिरा आणि लोण्यात परतलेल्या कांद्यात घाला. शिजवलेलं पाणी फेकू नका, ते बार्श्चमध्ये जातं. मैदा गरम पाण्यात मऊ मळून पातळ लाटा, दोन बोटं रुंदीचे चौकोन कापा. मधे चिमूटभर सारण, त्रिकोणी घडी, कडा दाबायच्या आणि दोन टोकं बोटाभोवती वळवून जोडायची. मोदकाला कळ्या पाडणाऱ्या हातांना हे लवकर जमतं. पहिल्यांदा केली तेव्हा सासूबाईंनी माझं एक उश्को उचलून उजेडाकडे धरलं, कडा निरखली आणि काही न बोलता स्वतःच्या ताटलीत ठेवलं. ताटात पसरून कडक गोठवा, मग पिशवीत भरा. पियेरोगी, म्हणजे सारण भरून उकळलेल्या करंज्याही त्याच दिवशी उरका.

मासा फार मनावर घेऊ नका. कार्प लागतोच, पण मीठ-कांदा लावून आदल्या रात्री ठेवला आणि मैद्यात घोळवून तळला की झालं. त्याचे दोन-चार खवले धुऊन वाळवा, पैशाच्या पाकिटात वर्षभर ठेवतात. खारवलेला हेरिंग दोन तास पाण्यात भिजवून मग तेल-कांद्यात घाला, नाहीतर खारटपणा सोसत नाही.

किराणा तेवीस तारखेपर्यंत आणून टाका. २०२५ पासून २४ डिसेंबरला सरकारी सुट्टी आहे, मोठी दुकानं दिवसभर बंद असतात. यादीत मूठभर वाळलेलं गवत लिहायला विसरू नका. येशू गोठ्यात जन्मला म्हणून ते पांढऱ्या मेजपोशाखाली पसरतात. बाजारात छोट्या जुड्या मिळतात. धुरावलेले सुके आलुबुखार, सफरचंद आणि नासपती उकळून कॉम्पोतही तेवीसलाच करून ठेवा.

त्याच रात्री कुत्यासाठी गहू भिजत घाला. हा पदार्थ मुळात पूर्वेकडचा. सासूबाईंची आई ल्वूफजवळची (आता युक्रेनमधलं ल्विव्ह), युद्धानंतर १९४५ मध्ये सीमा बदलल्या तेव्हा असंख्य कुटुंबांसारखी तीही व्रोत्सवाफला आली, म्हणून आमच्याकडे कुत्या असतेच. शिजवलेला गहू, काळी खसखस, मध, अक्रोड, बेदाणे. खसखस कढत दुधात भिजवून तीनदा दळायची, पांढरट दूध सुटेपर्यंत. पहिल्या घासाला मला आमच्याकडची खपली गव्हाची खीर आठवली. त्याच पूर्व भागातून सायबेरियात हाकललेले जवळपास पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ मी लहानपणी रोज बघायचे. त्यांच्या गावाकडचं अन्न आपण एक दिवस रांधू, हे तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

चोवीसला दुपारपर्यंत स्वयंपाक उरकायचा. इथे सूर्य साडेतीन-पावणेचारला मावळतो, म्हणजे जेवण खरोखर लवकर होतं. बार्श्च शेवटी जुळवा: भाज्यांचं आणि अळंबीचं पाणी गरम करा, आंबवलेलं बीटाचं पाणी घाला आणि पुन्हा उकळू देऊ नका. उकळी आली की लाल रंग जाऊन तपकिरी होतो.

मेज मांडताना माणसं मोजा आणि एक ताट जास्त ठेवा. न सांगता आलेल्या पाहुण्याचं ते ताट, चमचा-काट्यासकट. खुर्चीही मोकळी ठेवा, तिच्यावर कोट टाकू नका.

आणि एक तयारी स्वयंपाकघराबाहेरची. जेवणाआधी सगळे उभे राहतात, प्रत्येकाच्या हातात ओप्वातेकचा तुकडा. एकमेकांच्या तुकड्यातून कण मोडून खायचा आणि समोरच्याला त्याच्यासाठीच अशी शुभेच्छा द्यायची. ‘आरोग्य, आनंद’ म्हणून उरकू नका. कुणाला काय म्हणायचं, ते आदल्या रात्री ठरवून ठेवा, पोलिशमध्ये घोकून ठेवा. माझ्या पहिल्या विगिलियाला सासूबाईंनी माझा कण मोडला आणि म्हणाल्या, ‘यंदा तुझी आई या मेजावर असू दे.’ पुढच्या वर्षी जादा ताटाशेजारच्या खुर्चीवर आई बसली होती.

मुलांना साडेतीनला खिडकीशी उभं करा. ढग असले तरी त्यांना चांदणी दिसतेच.