उबवणीच्या पेटीवरील थर्मोस्टॅटचा डिस्प्ले बंद पडल्यास काय करावे

विदर्भातील खेड्यांत गावरान कोंबड्यांची अंडी उबवण्यासाठी थर्माकोलची किंवा प्लायवूडची घरगुती पेटी आता अनेकांकडे दिसते. पेटीत एक-दोन जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब, एक छोटा पंखा आणि पाण्याची वाटी असते, तर झाकणावर तापमानाचा लाल आकडा दाखवणारा आणि त्यानुसार बल्ब लावणारा-विझवणारा थर्मोस्टॅट बसवलेला असतो. हा आकडा एखाद्या सकाळी दिसेनासा झाला, की बहुतेक जण थर्मोस्टॅट जळाला असे समजून नवा आणायला तालुक्याच्या गावी निघतात. प्रत्यक्षात डिस्प्ले पूर्ण अंधारा होण्याचे कारण बहुधा थर्मोस्टॅटच्या बाहेर, त्याच्यापर्यंत वीज पोहोचवणाऱ्या वाटेवर असते. म्हणून तपासणी भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरू करावी आणि एकेक टप्पा पार करत थर्मोस्टॅटपर्यंत यावे.

सर्वांत आधी पेटीतला बल्ब पाहावा. आकडा गेलेला असूनही बल्ब लागलेला असेल, तर थर्मोस्टॅटमधील रिलेचे, म्हणजे बल्ब चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचचे, टोक चिकटले असण्याची शक्यता असते. अशा वेळी बल्ब आपोआप विझणार नाही, म्हणून प्लग ताबडतोब काढावा आणि झाकण थोडे उघडावे. अंड्यातील जिवाला गारव्यापेक्षा उष्णता लवकर मारते. तास-दीड तास तापमान उतरले तरी बरीच अंडी तग धरतात, पण पेटी ४० अंश सेल्सिअसच्या वर काही तास राहिली तर पिल्ले निघण्याची आशा फारशी उरत नाही. मे महिन्यात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या आसपास असताना, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पेटी बल्ब विझलेला असूनही तापते. तेव्हा ती आधी घरातल्या थंड कोपऱ्यात हलवावी. थंडीच्या दिवसांत याच्या उलट करावे, म्हणजे झाकण बंद ठेवून पेटीवर गोधडी टाकावी, मात्र हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. घरात खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी असेल तर दहा-बारा अंडी अंधार पडल्यावर हळूच तिच्याखाली सरकवावीत. दुरुस्ती लांबली तर तिच्याइतका खात्रीचा आधार दुसरा नाही.

आता सॉकेट. येथे टेस्टरवर विसंबून राहू नये, कारण टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, दाखवतो. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटलेला किंवा सैल झालेला असेल, तरी टेस्टर लागतो आणि पेटी मात्र बंदच राहते. गावातल्या जुन्या वायरिंगमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. त्यापेक्षा त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. पेटी एक्स्टेन्शन बोर्डवर असेल आणि त्याच बोर्डवर कूलरही चालत असेल, तर बोर्डातील पट्ट्या तापून सैल झाल्या आहेत का, प्लास्टिक काळे पडले आहे का, हे पाहावे.

सॉकेट ठीक असेल तर आपला थर्मोस्टॅट कोणत्या प्रकारचा आहे ते त्याच्या मागे वाचावे. काही थेट २२० व्होल्टवर चालतात, तर काही १२ व्होल्टचे असून त्यांना अ‍ॅडॅप्टर लागतो. १२ व्होल्टच्या पेटीत पंखाही बहुधा त्याच अ‍ॅडॅप्टरवर असतो आणि येथे एक सोपी खूण मिळते: पंखा फिरत असेल तर अ‍ॅडॅप्टर जिवंत आहे आणि दोष पुढे, थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या वायरीत किंवा थर्मोस्टॅटमध्येच आहे, पंखाही थांबला असेल तर आधी अ‍ॅडॅप्टरचा संशय घ्यावा. व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर असल्यास तो डीसी २० व्होल्टवर ठेवून अ‍ॅडॅप्टरच्या पिनेवर मोजावे. १२ च्या जवळपास आकडा यायला हवा. काही वेळा अ‍ॅडॅप्टर मोकळा असताना १२ दाखवतो आणि रिले ‘टक्’ करून ओढला गेला, की कोसळतो. आकडा क्षणभर उजळून पुन्हा विझतो तो यामुळेच. अशा अ‍ॅडॅप्टरची दुरुस्ती करत बसू नये, बदलावा. मात्र नवा अ‍ॅडॅप्टरही १२ व्होल्टचाच घ्यावा, त्याचे अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त असावेत, आणि जोडताना अधिक-उणे उलटे होऊ देऊ नयेत.

वायर तपासताना घाई करू नये. मागच्या पावसाळ्यात माझ्याच पेटीचा आकडा गेला, तेव्हा मी नवा थर्मोस्टॅट आणून बसवलाही, पण अंधार तसाच राहिला. शेवटी तुरीच्या पोत्यांमागे हात घातला तेव्हा अ‍ॅडॅप्टरची वायर बोटाला खरखरीत लागली. उंदराने आवरण कुरतडले होते आणि आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटली होती. म्हणून वायर संपूर्ण लांबीभर चिमटीतून सरकवत पाहावी आणि चालू पेटीत फक्त १२ व्होल्टची बाजू थोडी वाकवावी. आकडा लुकलुकला तर तुटकी जागा तीच. घरातल्या थेट विजेच्या, म्हणजे २२०-२३० व्होल्टच्या वायरीवर हा प्रयोग कधीही करू नये.

थेट २२० व्होल्टच्या थर्मोस्टॅटचे काम प्लग काढूनच करावे. स्क्रूच्या टोकांतून वायर निसटली आहे का, आत मुंग्यांनी घर केले आहे का, पाल चिकटून जळाली आहे का, हे डोळ्यांनी पाहता येते. पेटीला फ्यूज असेल तर तोही काढून पाहावा. बल्ब उडताना कधी कधी फ्यूजही सोबत जातो. नवा फ्यूज लावताच पुन्हा उडाला, तर जाड तार बांधून काम भागवू नये, वायरमनला बोलवावे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेटीतले तापमान ओळखणाऱ्या सेन्सरची वायर तुटली तर सहसा डिस्प्ले अंधारा होत नाही. त्यावर अक्षरे किंवा वेडावाकडा आकडा दिसतो. त्यामुळे अंधाऱ्या डिस्प्लेसाठी सेन्सर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. थर्मोस्टॅटच्या टोकांवर योग्य वीज पोहोचत असूनही आकडा येत नसेल, तरच तो बदलावा आणि जुन्या जोडणीचा मोबाईलवर फोटो काढूनच वायरी सोडाव्यात.

आकडा परत आल्यावर, दुरुस्तीसाठी बाहेर काढलेली अंडी लगेच आत ठेवू नयेत. आधी सेटिंग तपासावे. पंख्याच्या पेटीत ३७.५ अंशांच्या आसपास तापमान हवे आणि ताप मोजण्याच्या थर्मामीटरने याची पडताळणी घरीच होते, कारण तेवढेच तापमान त्यावर ९९.५ अंश फॅरेनहाइट दिसते. पेटी अर्धा तास रिकामी चालवून बल्ब ठरल्याप्रमाणे लागतो आणि विझतो याची खात्री करावी, मगच अंडी ठेवावीत. अंडी उबवायला ठेवून सात-आठ दिवस उलटलेले असतील तर अंधारात टॉर्चवर अंडे धरल्यास लाल शिरांचे जाळे दिसते. ते दिसणारी अंडी ठेवावीत. थंडावा बसल्याने पिल्ले २१ व्या दिवसाऐवजी एखादा दिवस उशिरा निघू शकतात, म्हणून २१ वा दिवस संपला तरी पेटी बंद करू नये आणि झाकणही वारंवार उघडू नये.