सिंगर २९के: चामडं शिवायचं जुनं मशीन पुन्हा चालतं कसं करावं

चामडं शिवायचं जुनं मशीन हाती आलं की लोक आधी रंगाचा डबा आणतात आणि मग मोटर. दोन्ही राहू द्या. रंगाने टाका सुधारत नाही. आणि हाताने किंवा पॅडलने सावकाश चालवण्यासाठी बनलेल्या या मशीनला मोटर लावली की उरलेसुरले चांगले भागही झपाट्याने झिजतात. अशा मशीनच्या दुरुस्तीत खरं काम एकच असतं, झीज शोधायची आणि ती भरून काढायची. ती नेमकी कुठे आहे हे कळेपर्यंत एक रुपयाचाही भाग विकत घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

मी इथे सिंगरच्या २९के बद्दल लिहितो आहे, कारण इंदुरात हाती लागतं ते बहुतेक हेच. मोच्यांच्या दुकानात, रानीपुऱ्यातल्या बॅगवाल्यांकडे, महूला छावणीच्या आसपास, नाहीतर लोहामंडीत भंगारात. बूट चढवता येईल असा बारीक लांब हात आणि पूर्ण गोल फिरणारा फूट (चामडं वरून दाबून धरणारा पाय), ही त्याची खूण. या मशीनमध्ये खालून माल सरकवणारे दात नसतात. वरचा फूटच चामडं ओढतो, आणि तो ज्या दिशेला वळवाल त्या दिशेला शिलाई जाते. त्यामुळे फुटाची चाल बिघडली की मशीन बिघडलं.

नावातला ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला असलेला सिंगरचा कारखाना. १८८५ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, म्हणजे कंपनीकडून भाग मिळतील ही आशा सोडा. मशीनवरच्या सिरियल नंबराच्या आधी अक्षर घालायला सिंगरने १९०० पासून सुरुवात केली, त्यामुळे मशीनचं वय साधारण कळतं. पण वयापेक्षा दोन गोष्टी टिपून ठेवा. हात लहान आहे (सुमारे १२ इंच) की लांब (सुमारे १८ इंच), आणि बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळी) लहान जातीची आहे की मोठ्या. लहान बॉबिनचं शटल (बॉबिन धरून घुमणारा, टाका पकडणारा भाग) मोठ्या बॉबिनच्या मशीनला बसत नाही, दुकानदार काहीही सांगो.

विकत घेताना गंजाला घाबरू नका, तडे बघा. बॉडी बिडाची असते. हात जिथे खांबाला मिळतो तिथे बॅटरीचा उजेड तिरका टाकून नीट पाहा. तडा दिसला तर फुकट दिलं तरी घेऊ नका. शटल किंवा डोक्यावरचे (सुई-फुटाच्या वरच्या फिरत्या भागावरचे) बारीक भाग गायब असतील तर किंमत निम्म्यावर आणा, कारण पुढची सगळी धावपळ त्यांच्यासाठीच होणार आहे.

सफाई रॉकेल आणि दाताच्या ब्रशाने. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मशीनमध्ये खोबरेल घालायची खोड आहे. ते सुकून डिंकासारखं होतं आणि मशीन जाम होतं. मालक म्हणतो ‘जाम आहे, गेलं’, आणि रात्रभर रॉकेल पाजलं की सकाळी चाक फिरतं. सोनेरी नक्षी शाबूत असेल तर तिच्यावर थिनर किंवा स्पिरिट लावू नका. तिच्यावरचा थर लाखेचा असतो, स्पिरिटने विरघळतो आणि नक्षीही निघून येते. मशीनचं तेल कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसा, तेवढं पुरे.

स्क्रूंच्या बाबतीत मात्र सावध. सिंगरचे आटे बाजारातल्या कुठल्याही मापाशी जुळत नाहीत. ३/१६ इंचाला २८ आटे, ९/६४ इंचाला ४० आटे, असा त्यांचा स्वतःचा हिशेब आहे. खरादवाला प्रेमाने म्हणेल, ‘पाच एमएमचा टॅप मारून देतो.’ मारू देऊ नका. एकदा बिडात मेट्रिक आटे पडले की मूळ स्क्रू पुन्हा कधीच बसत नाही. भंगारातल्या जुन्या घरगुती मशीनचे काही स्क्रू याच आट्यांचे असतात. तसं एखादं मशीन मिळालं तर फक्त स्क्रूंसाठीही घेऊन ठेवा. आणि पेचकस खाचेच्या मापाला घासून घ्या. सैल पेचकसाने खाच तुटते, तेलाने नाही.

आता मुख्य दुखणं, लहान होत गेलेला टाका. मी इथेच फार काळ अडकलो होतो, आणि ज्याला विचारावं तो वेगळाच भाग बदलायला सांगत होता.

चांगल्या अवस्थेतलं २९के इंचाला पाच-सहा टाके घालतं. झिजलेलं मशीन, टाक्याची पट्टी शेवटपर्यंत सरकवूनही, आठ-दहा घालतं. चामड्यात इतकी जवळजवळ भोकं पडली की शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. यावर सरसकट सल्ला मिळतो, ‘फुटाचा दाब वाढवा.’ दाब वाढवून चामड्यावर फुटाच्या दातांचे वण उठतात, टाका काही वाढत नाही.

असं करा. दोरा काढून टाका. टाका सर्वात मोठा ठेवा. खाली चामडं न घालता चाक हाताने फिरवा आणि फुटाशेजारी स्टीलची पट्टी धरून फूट किती सरकतो ते पाहा. मग चामड्याची पट्टी घालून दहा भोकं पाडा आणि मोजा. फूट हवेत पुरता सरकतो पण भोकं जवळ पडतात, तर फूट घसरतो आहे, म्हणजे त्याचे दात गुळगुळीत झालेत. नवा फूट सहज मिळतो, तिथेच काम संपलं. पण फूट हवेतही कमीच सरकत असेल, तर झीज वरच्या जोडणीत आहे.

मग डोकं चार दिशांना वळवून तीच मोजणी पुन्हा करा. ही पायरी कोणी सांगत नाही आणि सगळं उत्तर हिच्यात आहे. चारही दिशांना टाका सारखाच लहान असेल, तर दोष न फिरणाऱ्या भागात, म्हणजे काटकोनी लिव्हरमध्ये. एका दिशेला लहान आणि दुसरीकडे मोठा असेल, तर दोष फुटाबरोबर फिरणाऱ्या भागात, बहुतेक वेळा रिंगमध्ये.

काटकोनी लिव्हरला कारागीर बेल क्रँक म्हणतात. तिचं टोक सुईच्या दांड्याभोवतीच्या रिंगच्या खाचेत बसतं आणि फुटाला चाल देतं. वर्षानुवर्षं घासून हे टोक चपटं होतं. काढून उजेडात धरा, एका बाजूला नखाएवढा चकचकीत सपाट डाग दिसेल. खाचेत टोक बसवून हाताने हलवलं की खळखळ लागते. लिव्हर हलते पण रिंग हलत नाही, तेवढी चाल वाया जाते. टोकाशी गेलेलं अर्ध्या मिलिमीटरचं लोखंड फुटापर्यंत पोचताना कितीतरी मोठा टाका खातं, म्हणून ही झीज डोळ्यांना क्षुल्लक वाटते आणि सुटून जाते.

नवी लिव्हर मिळाली तर उत्तम, पण आधी जुनीशी शेजारी ठेवून जुळवा. बाजारात ओबडधोबड नकला फिरतात, त्यांचं टोकच खाचेपेक्षा बारीक असतं, म्हणजे नव्या भागासोबत झीज विकत घेतली. मला स्वतःला जुनीच भरून घेणं पसंत आहे. लिव्हर मशीनमधून काढा आणि पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडच्या एखाद्या जाणत्या झाळवाल्याकडे न्या. मी सरळ सांगतो, ‘भिया, वेल्डिंग मत मारना, पीतल भरना।’ पितळेची झाळ कमी उष्णतेत बसते आणि कानशीने सोलता येते. वेल्डिंगने टोक इतकं कडक होतं की कानस नुसती घसरते, आणि नंतर तेच टोक रिंग खाऊन टाकतं. मशीनवरच ठेवून झाळू म्हणणाऱ्याकडून मात्र भाग उचलून परत या. तापलेलं बीड तडकलं की सगळंच गेलं.

झाळ जरा जास्तच भरून घ्या आणि घरी बसून कानशीने उतरवा. दोन-चार घाव, पुसणं, तेलाचा थेंब, खाचेत बसवणं, डोकं पूर्ण गोल फिरवणं. कुठेही अडलं नाही पाहिजे आणि कुठेही खळखळलं नाही पाहिजे. घाई करणारा इथेच चुकतो, कारण एक घाव जास्त पडला की पुन्हा झाळवाल्याकडे. डोकं एकाच जागी अडत असेल तर रिंगच्या खाचेत खड्डा आहे. टोक घासत बसू नका, रिंग बदला. लिव्हरच्या खिळीचं भोकही लांबट झालेलं असतं. ते खरादवर गोल करून त्यात बुश (आतून बसवायची छोटी नळी) घालून घ्या, नाहीतर टोकावरची सगळी मेहनत त्या भोकात जिरते.

शटल तुलनेने सोपं. हाताच्या आत एक दातेरी पट्टी मागेपुढे सरकते, तिच्यावरची दातेरी चकती शटलला घुमवते. चाक घट्ट धरून शटल बोटाने हलवा. फार हललं तर दात झिजलेत आणि चकती बदलायला हवी. चकती काढण्याआधी पट्टीवर आणि चकतीवर खूण करा, कारण एका दाताने इकडेतिकडे झालं की टाका पकडतच नाही. सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईच्या भोकाच्या किंचित वर आलं पाहिजे, सुईला न लागता, पण मध्ये कागदापेक्षा जास्त फट न ठेवता.

भाग कुठे शोधायचे? इंदुरात सियागंज आणि रानीपुऱ्यात फूट, स्प्रिंग, बॉबिन असा चालू माल मिळतो, बाकीचं क्वचित. खरा साठा जिथे चामड्याचं काम मोठं आहे तिथे. आग्र्याची हिंग की मंडी बूटवाल्यांची आहे, कानपूर खोगीरवाल्यांचं, आणि लुधियानात शिलाई मशीनचे भाग बनतात. कोणी त्या बाजूला जात असेल तर जुना भाग कापडात गुंडाळून सोबत द्या, मॉडेलचा नुसता नंबर देऊ नका. फोनवर बोलायचं तर भाग मोजपट्टीवर ठेवून फोटो पाठवा. अ‍ॅडलरचे आणि चिनी हातमशीनचे भाग ‘सेम टू सेम’ म्हणून खपवतात, ते बसत नाहीत. बॉबिन मात्र मिळतील तेवढ्या घेऊन ठेवा. दोन्ही जातींची बॉबिन तशी लहानच, लवकर संपते.

सुई २९×३ ही चामड्यासाठी, २९×४ कापडासाठी. घरगुती सुई इथे चालत नाही. दोरा नायलॉनचा २१०/३ लावा, टिकट ४० म्हणतात तो. त्याहून जाड घातला तर बॉबिनमध्ये मावत नाही आणि टाके सुटतात. जाड पट्टे, बेल्ट, घोड्याचं सामान शिवायला हे मशीन नाहीच, त्यासाठी ४५के सारखं दणकट मशीन शोधा. सुईचा दांडा पोकळ असतो आणि दोरा त्याच्या आतून जातो, म्हणून टोकाला आकडा असलेली बारीक पोलादी तार नेहमी मशीनला टांगून ठेवा. ती हरवली की ओवणीतच अर्धा तास जातो.

पहिली शिलाई बुटाच्या वरच्या जाडीच्या रद्दी चामड्यावर, चाक हाताने फिरवून. डोकं चारही दिशांना वळवत एक चौकोन शिवा आणि चारही बाजूंचे टाके मोजा. एक बाजू आखूड आली तर पुन्हा रिंगकडे. पावसाळ्याआधी शटलच्या जागी तेल भरून ठेवा. इंदुरातही जुलैत शटल दोन आठवडे कोरडं राहिलं तर गंजाचा पहिला ठिपका तिथेच पडतो.