छत्रू ते बातल सायकलवर : या चुका टाळा

हिमाचलातल्या स्पितीला सायकलवर निघालेली पुण्या-मुंबईची पोरं दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी त्याच चुका नव्याने करतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उशिरा निघणं. मनालीहून स्पितीला जाताना वाटेत लागणारा छत्रू ते बातल हा टप्पा जेमतेम 32 किलोमीटर. हायवेवर दिवसाला दीडशे मारणाऱ्याला वाटतं, अडीच तासांचं काम. आम्हालाही वाटलं होतं. ढाब्यावर आम्लेट, मग दुसरा चहा, मग फोटो. टांग मारली साडेनऊला. रस्ता म्हणजे नुसते गोटे, निम्मा वेळ सायकल ढकलण्यात गेला. वाटेतल्या नाल्यांना पाणी येतं वरच्या बर्फाचं. रात्री ते वर गोठतं, म्हणून पहाटे नाला घोटाभर असतो. ऊन चढेल तसा फुगतो. मोठ्या नाल्याशी आम्ही पोचलो दुपारी दोनला. पाणी गढूळ, मांडीपर्यंत, आणि तळाचे दगड घरंगळल्याचा खडखडाट काठावर ऐकू येत होता. आमच्या भिडूने सायकल प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरली. पाण्याने पॅनिअरला, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवलेल्या बॅगेला, रेटा दिला, सायकल त्याच्याच पायांवर आली आणि गडी बसला पाण्यात. स्लीपिंग बॅग भिजून दगड झाली. एका ट्रकवाल्याला दया आली म्हणून त्या रात्री बातलच्या ढाब्यात रजयांखाली तरी झोपलो.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला. साडेपाचला चाक हललंच पाहिजे. चहा मोठा नाला ओलांडल्यावर. बॅगा काढून वेगळ्या खेपेत न्यायच्या, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, मोजे काढायचे पण बूट घालूनच उतरायचं. चपलेवर उतरणाऱ्यांची चप्पल इथल्या चंद्रा नदीतून चंद्रभागेत आणि तिथून थेट पाकिस्तानात जाते. ही चंद्रभागा म्हणजे चिनाब, पंढरपूरची नव्हे.

दुसरं दुखणं कॅरिअरच्या बोल्टांचं. ‘दुकानात घट्ट करून घेतलेत’ हे वाक्य मी आता ऐकूनही घेत नाही. अशा दगडांवर दहा किलोमीटरांत बोल्ट सैल होतो आणि तो पडल्याचं कळतं ते पॅनिअर चाकात गेल्यावर. मी आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब लावून बोल्ट पिळतो (बायकोची बाटली, रंग कुठलाही चालतो) आणि दर थांब्याला अ‍ॅलन की (षटकोनी चावी) फिरवून बघतो. दोन जादा बोल्ट फ्रेमच्याच रिकाम्या भोकांत पिळलेले असतात, म्हणजे बॅगा उपसाव्या लागत नाहीत. झिप टायवर विसंबू नका, बाइंडिंगची तार ठेवा.

टायरमध्ये डांबरासाठी भरलेली साठ पीएसआय हवा इथे हाडं खिळखिळी करते. दोन इंची टायर असेल तर मी मागे पस्तीस, पुढे तीस ठेवतो. त्याहून कमी केलीत तर दगडावर ट्यूब चिमटते.

सुट्टी वाचवायला मनालीहून जीपने थेट बातल गाठणारे आणखी वेगळे. मनाली दोन हजार मीटरवर, बातल चार हजारांच्या आसपास, पुढे कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. विरळ हवेने डोकं ठणकत असेल तर चढ उद्यावर टाका; गोळी खाऊन रेटू नका.

आणि ब्रेकपॅड बातललाच बघून घ्या. कुंझुमवरून लोसर गावापर्यंत 19 किलोमीटर उतार आहे, आणि खिंडीतल्या वाऱ्यात बोटं वळत नाहीत.